मेनूची टेक्स्ट फाईल बदलली, पण साइटवर जुनाच मेनू दिसतो. काय चुकलं असेल?

तुमच्या वाचनालयाची साइट जेकिलवर (साध्या टेक्स्ट फाईलींतून वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर) बनवलेली आहे आणि गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट चालवणाऱ्या सेवेवर, चालते. मेनू ‘डेटा’ फोल्डरमधल्या एका वायएमएल फाईलमधून (ठरावीक पद्धतीने माहिती मांडलेली साधी टेक्स्ट फाईल) येतो. तुम्ही त्यात ‘सूचना’ हे पान घातलं, सेव्ह केलं, तरी साइट जशीच्या तशी. तुमचा प्रश्न मला असा समजला.

अशा वेळी बहुधा फाईल सेव्ह झालेली असते, पण साइट नव्याने तयार झालेली नसते. गिटहब ती फाईल वाचून सगळी पानं पुन्हा बनवतं. वाचताना अडलं की काम तिथेच थांबतं आणि आधीची चालू साइट तशीच राहते. म्हणजे तुमच्या हातून वाचकांचं काही बिघडलेलं नाही, निर्धास्त राहा. गिटहबवर तुमच्या साइटच्या फाईली जिथे असतात त्या रिपॉझिटरीत ‘अ‍ॅक्शन्स’ उघडा. सगळ्यात वरच्या नोंदीला हिरवी खूण असेल तर १० मिनिटं थांबा, ब्राउझर तेवढा वेळ जुनं पान दाखवू शकतो. थांबायचं नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा. लाल फुली असेल तर चूक बहुधा फाईलमध्ये आहे.

फाईल साधारण अशी असेल. टायटल आणि यूआरएल हे शब्द तुमच्याकडे इंग्रजी लिपीत असतील, ते तसेच ठेवा. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितोय.

- टायटल: मुखपृष्ठ
  यूआरएल: /
- टायटल: सूचना
  यूआरएल: /सूचना/

यात रिकाम्या जागेलाही अर्थ आहे. ‘यूआरएल’च्या आधी दोन स्पेस आहेत, म्हणून ती ओळ वरच्या ‘टायटल’ची जोडीदार ठरते. ती जागा टॅबचं बटण दाबून सोडली तर फाईल वाचलीच जात नाही, आणि डोळ्याला तर दोन्ही सारखंच दिसतं. कोलननंतरही एक स्पेस हवीच.

आता मराठीतला खास घोटाळा. मी आमच्या गिर्यारोहण मंडळाची साइट सांभाळतो. एकदा मोबाइलवरून मेनूत ‘मोहिमा’ घातलं आणि लाल फुली आली. एरर मिळाला तो ‘यूआरएल’च्या ओळीवर. ती ओळ मी पुन्हा पुन्हा तपासली, काहीच चुकलेलं नव्हतं. चूक होती वरच्या ओळीत: मराठी कीबोर्ड चालू असल्यामुळे ‘टायटल’पुढे कोलनऐवजी विसर्ग पडला होता. ‘:’ आणि ‘ः’ शेजारी ठेवले तरी चटकन ओळखू येत नाहीत. वायएमएलला मात्र विसर्ग म्हणजे आणखी एक अक्षर. कोलन न सापडल्यामुळे ते तसंच खाली वाचत जातं आणि पुढच्या ओळीवर अडतं. तेव्हापासून एररमध्ये ज्या ओळीचा नंबर असेल तिच्या वरची ओळ मी आधी बघतो. तुम्हीही तसंच करा, आणि शंका आली तर कोलन पुसून इंग्रजी कीबोर्डवरून पुन्हा टाका.

तुम्ही मेनूत ‘सूचना: जून २०२५’ असं काही लिहिलंय का? नावातच कोलन आणि पुढे स्पेस आली की तेही चालत नाही. पूर्ण नाव दुहेरी अवतरणात घाला, म्हणजे ते अखंड नाव म्हणून वाचलं जाईल.

क्रम बदलणं सोपं आहे. फाईलमध्ये जे वर, ते मेनूत आधी. फक्त जोडीतल्या दोन्ही ओळी एकदम उचला. एकच हलवली तर ‘संपर्क’वर दाबल्यावर ‘देणगी’ उघडेल, आणि याला लाल फुली येत नाही. ते तुम्हालाच दाबून बघावं लागतं. पत्ताही त्या पानाच्या पत्त्याशी अक्षरशः जुळायला हवा, नाहीतर मेनूत नाव दिसेल पण दाबल्यावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा एरर येईल.

आधीच्या फाईलची चिंता नको. गिटहबवर फाईल उघडून ‘हिस्टरी’त गेलात की तुम्ही हात लावण्याआधीची प्रत तारखेसह आहे. ती कॉपी करून परत पेस्ट केली की मेनू पूर्ववत. एका वेळी एकच बदल करा आणि हिरवी खूण आल्यावरच पुढचा.

तरीही अडलं तर लाल फुलीवर दाबल्यावर येणारा एररचा मजकूर आणि त्यात दिलेल्या ओळीच्या वरच्या तीन ओळी प्रश्नात जोडा, मी बघतो.