नृसिंहवाडीला आई-वडिलांना घेऊन पावसाळ्यात जावं का?

तुम्ही विचारलंय की सत्तरीतल्या आई-वडिलांना पहिल्यांदाच नरसोबाच्या वाडीला न्यायचंय, जुलै-ऑगस्टमध्ये सवड आहे आणि 'दक्षिणद्वार'ही (नदीचं पाणी देवळातून वाहतं तेव्हाचं स्नान) बघायचंय, तर जमेल का. दर्शन आणि दक्षिणद्वार या दोन वेगळ्या वाऱ्या समजा. आई-वडिलांना दिवाळीनंतर न्या. दक्षिणद्वाराला तुम्ही एकटे जा, तेही मिळेल याची खात्री न धरता.

वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे आणि देऊळ वर गावात नाही, खाली घाटावर आहे. दत्तावतार नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं. औदुंबराखाली त्यांच्या मनोहर पादुका आहेत, दर्शन त्या पादुकांचंच. (नावावरून बरेच जण नरसिंह अवताराची मूर्ती शोधत येतात, म्हणून सांगितलं.) देवळाला नेहमीसारखं शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधून दिलं, अशी कथा सांगतात.

पावसाळ्यात नदी चढत चढत गाभाऱ्यात शिरते. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं आणि त्या दाराशी लोक स्नान करतात, तेच दक्षिणद्वार. पाणी वाढताना झालं तर चढता, ओसरताना झालं तर उतरता. दोन्हींत पाण्याची पातळी नेमकी हवी. थोडं कमी असेल तर धार पडत नाही, थोडं जास्त झालं की देऊळच पाण्याखाली. कोयनेतून कृष्णेत किती पाणी सोडलंय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत का, यावर हे ठरतं. सुट्टीचा अर्ज आठवडाभर आधी टाकून ते कसं साधणार?

मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा पोचलो तेव्हा पाणी पायऱ्यांवरच घुटमळत होतं. रात्रभर थांबलो, सकाळी ते आणखी दोन पायऱ्या उतरलेलं! दुसऱ्या खेपेला रात्री निरोप आला म्हणून पहाटे निघालो, तर तोवर देऊळ बुडालं होतं. अशा वेळी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात आणतात, तिथे दर्शन होतं. खालच्या तपकिरी पाण्याकडे बघत एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "महाराज अंघोळीला बसलेत, आपण थांबायचं." मला त्या दिवशी दक्षिणद्वारापेक्षा ते वाक्य जास्त मिळालं. तिसऱ्यांदा मात्र उतरता दक्षिणद्वार मिळाला. गर्दी, रेटारेटी, पायाखाली गाळ, गुडघ्याला पाण्याची ओढ. माझ्या आईला मी तिथे उभं केलं नसतं. शिवाय 2005, 2019 आणि 2021 सालासारखा महापूर आला तर शिरोळ तालुक्यातले रस्तेच बंद होतात, मग परतीचंही अवघड.

थंडीत नदी खाली गेलेली असते, घाट मोकळा, पायऱ्या कोरड्या. त्या उतरायच्या मात्र आहेतच, त्यामुळे वडिलांचे गुडघे दुखत असतील तर हाताला धरायला कुणीतरी हवं. गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा. शक्य असेल तर मुक्कामच करा. सकाळी जाऊन दुपारी परत फिरणाऱ्यांना वाडी कळत नाही. संध्याकाळी पालखी असेल त्या दिवशी आधीच जाऊन आईंना ओवरीत बसवा. 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा' घाटावर घुमायला लागलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. राहायला भक्तनिवास आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्यांकडे उतरणारी घराणीही आहेत. तुमच्या घरात कुणी पूर्वी जात असेल तर विचारून बघा.

रेल्वेने येणार असाल तर जयसिंगपूर जवळ पडतं. मिरजेला उतरलात तरी चालेल, तिथून एसटी मिळते. गाडी असेल तर 15-20 किलोमीटरवरचं खिद्रापूरचं कोपेश्वर हे शंकराचं मंदिर करा. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताखाली उभं राहून वर बघायला वडिलांना सांगा. आणि समोर नंदी का नाही, असं त्यांनी विचारलं तर तो नदीपलीकडे यडूरला आहे.

परतताना बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. बासुंदी मात्र तिथेच संपवा, प्रवासात टिकत नाही.