खाजनाचा बांध फुटलाय, संपादकांना पत्र कसं लिहू?

तुम्ही विचारलंय की गावच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, पंचायतीत दोन अर्ज देऊनही काही हललं नाही. आता वर्तमानपत्राला पत्र लिहायचं तर ते छापलं जाईल आणि लोकांना पटेल असं कसं लिहावं. मी फोंडा तालुक्यातला. गोव्यातल्या मराठी दैनिकांत वाचकांच्या पत्रांच्या सदरात बरीच वर्षं अधूनमधून लिहितो, त्या अनुभवावरून सांगतो.

माझं पहिलं पत्र छापून आलं नव्हतं. आमच्या गावाची संध्याकाळची शेवटची बस बंद झाली होती. मी दोन फुलस्केप पानं भरली. 'निष्क्रिय प्रशासन', 'जनतेची क्रूर थट्टा' असं सगळं त्यात होतं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "बस किती वाजताची होती?" दोन पानांत मी वेळच लिहिली नव्हती. दुसरं पत्र असं सुरू केलं: 'फोंड्याहून सव्वासातला सुटणारी बस बंद झाल्यापासून आमच्या वाड्यावरच्या सहा बायका कामावरून परतताना चार किलोमीटर अंधारातून चालत येतात.' सगळं मिळून दीडशे शब्द. ते आठवडाभरात आलं. पुढे बसही सुरू झाली. ती पत्रामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, कारण पंचायतीने ठरावही पाठवला होता. पण ठराव मांडणाऱ्या पंचाच्या हातात त्या पत्राचं कात्रण मी पाहिलं होतं.

तेव्हापासून मी पत्र लिहितो ते ज्याचं काहीच बिघडलेलं नाही त्या वाचकासाठी. तुमच्या गावाला बांध फुटल्याचं ठाऊकच आहे. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने मानस, म्हणजे बांधातली दारं लावलेली पाणवाट, कधी पाहिलेली नसते. त्याला दोन वाक्यांत दाखवा: भरतीला मानशीची दारं पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, बांधालाच भगदाड पडलं की त्या दारांचा उपयोग उरत नाही. खाजनात पिकणारं कोरगुट जातीचं भात थोडं मीठ सोसतं, रोज भरतीचं पाणी सोसत नाही. जमिनीत मुरलेलं मीठ पहिल्या पावसांनी धुऊन जायला हवं, म्हणून बांध पावसाआधी उभा राहिला नाही तर सरदीचं, म्हणजे पावसाळी, पीक हातचं गेलं. इथे वाचकाला घाई कशाची ते कळतं, 'तातडीने' हा शब्दही लिहावा लागत नाही.

मग मागणी. 'सरकारने लक्ष घालावे' असं लिहिलं की ते कुणालाच लागू होत नाही. खाजनाचे बांध सांभाळण्याची जबाबदारी कूळ संघाची, म्हणजे तिथली शेतं कसणाऱ्या कुळांच्या संघटनेची, त्यावर देखरेख मामलेदाराची, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग आहे. तुमच्या कूळ संघाने दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय का, हे आधी विचारा. पाठवला असेल तर त्याची तारीख पत्रात घाला आणि विभागाने काम कधी सुरू करणार ते जाहीर करावं, एवढंच मागा. पाठवलाच नसेल तर पत्राआधी तो पाठवायला लावा, नाहीतर उत्तर देणारा पहिल्याच ओळीत तुम्हाला अडवेल. पंचायतीतल्या अर्जांचं काय झालं ते माहिती अधिकाराखाली विचारता येतं. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र उत्तरासाठी पत्र अडवून ठेवू नका. आता अर्जांच्या तारखा पुरतात, उत्तर आलं की दुसरं पत्र लिहा.

विरुद्ध बाजू टाळू नका. कुणीतरी म्हणेलच, अर्धी खाजनं पडीक आहेत, बांधावर पैसा का घालायचा? हा प्रश्न तुम्हीच मांडा आणि उत्तर द्या: बांधाआडच्या वाड्याच्या विहिरी, घरांची जोती, पडीक शेताशेजारी अजून लावणी करणारी कुळं. तुमच्या गावात जे खरोखर आहे तेवढंच लिहा. मासळीसाठी बांध मुद्दाम फोडला अशी कुजबुज असेल तर पुराव्याशिवाय ती पत्रात आणू नका. बदनामीचा दावा संपादकावरही येतो, त्यामुळे असं पत्र बाजूलाच पडतं.

बाकी साधं आहे. दोनशे शब्दांच्या आत ठेवा, ईमेलमध्येच टाइप करा, खाली पूर्ण नाव, गाव आणि फोन नंबर द्या. तेच पत्र त्याच दिवशी सगळ्या दैनिकांना पाठवू नका, संपादकांना ते आवडत नाही.

आणि येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाणाच्या वेळी बांधावर जा. भगदाडातून पाणी आत येताना फोटो काढा, तारीख-वेळ टिपून ठेवा आणि पत्राचं पहिलं वाक्य तिथेच उभं राहून लिहा.