आरोग्य प्रश्नोत्तरे : लिगामेंटचे ऑपरेशन आणि पीआरपी

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहतो. माझा बावीस वर्षांचा मुलगा गावच्या कबड्डी संघात खेळतो. दिवाळीनंतरच्या सामन्यात चढाईवरून परत फिरताना त्याचा पाय मातीत रुतला, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि काही तासांत गुडघा सुजून टम्म झाला. एमआरआयमध्ये एसीएल लिगामेंट (गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड जोडून ठेवणारा आतला बंध) पूर्ण तुटल्याचे निघाले. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवले असून, त्याच वेळी मुलाच्याच रक्तापासून तयार केलेले पीआरपी (प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, दाट असलेला द्रव) वापरायचे असल्यास त्याचा खर्च वेगळा पडेल, असे सांगितले. त्यासाठी घरात भरलेला कापूस भाव येण्याआधीच विकावा लागेल. ते न केल्यास गुडघ्यात कायमची उणीव राहील काय? आणि केल्यास तो लवकर खेळू शकेल काय?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पीआरपी घेतले नाही म्हणून गुडघ्यात उणीव राहत नाही आणि घेतले म्हणून मैदानावर परतण्याचा दिवस अलीकडे येत नाही. केवळ त्यासाठी कापूस पडत्या भावात विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसीएल पूर्ण तुटल्यावर त्याची टोके सहसा आपोआप नीट जुळत नाहीत, कारण सांध्यातील वंगणासारख्या द्रवात तेथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि जखम भरण्यासाठी तीच आधी लागते. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शिरेसारखी पट्टी काढून, मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडून, ती त्यांत पक्की बसवतात. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधला की तो लगेच एकजीव होत नाही, तसेच या पट्टीचेही आहे. तिला नव्याने रक्तपुरवठा मिळावा लागतो. विशेष म्हणजे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती बसवतानापेक्षाही कमकुवत झालेली असते. नेमके तेव्हाच दुखणे व सूज ओसरल्यामुळे रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते आणि तो वावरात ओझे उचलू लागतो. हा काळ मुलाला आवर्जून समजावून सांगावा.

पीआरपीमागचा विचार चुकीचा नाही. हाताच्या शिरेतून साधारण 15 ते 60 मिलिलिटर रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवतात. नळीत तांबड्या पेशी तळाशी बसतात, मध्ये पांढुरका पातळ थर राहतो आणि वर पिवळसर द्रव येतो. त्यातून प्लेटलेट्स दाट असलेला भाग वेगळा काढतात. रक्तात प्रति मायक्रोलिटर दीड ते साडेचार लाख असणाऱ्या प्लेटलेट्स या द्रवात अनेकदा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतात. त्यांच्यातून सुटणारी प्रथिने पेशींची वाढ व नव्या रक्तवाहिन्या यांना चालना देतात. रक्तदानात 350 मिलिलिटर रक्त घेतले जाते, त्यामुळे एवढ्याशा रक्ताने अशक्तपणा येण्याची भीती बाळगू नये.

प्रत्यक्ष रुग्णांवरील काही चाचण्यांत एमआरआयवर ही पट्टी लवकर पक्व झालेली दिसली, तर काहींत वाटीखालची पट्टी काढलेल्या जागेचे दुखणे कमी आढळले. मात्र गुडघा किती घट्ट राहिला आणि पुढे किती काम करू लागला, हे पाहिले तर पीआरपी घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांत ठळक, सातत्याने दिसणारा फरक आढळलेला नाही. प्रत्येक ठिकाणी तयार होणाऱ्या पीआरपीत प्लेटलेट्स व पांढऱ्या पेशींचे प्रमाण वेगळे असते, हीदेखील त्यातली एक अडचण आहे.

हाच पैसा फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावा. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणे हे व्यायाम सुरुवातीच्या दिवसांतच शिकवले जातात. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर पुढे लंगडणे राहू शकते. दर आठवड्याला एसटीने नागपूर गाठणे जमणार नसेल, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टसाठी डॉक्टरांकडून लेखी वेळापत्रक मागून घ्यावे. उकिडवे बसणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावे, त्यासाठी शौचालयात खुर्चीची सोय आधीच करावी. कबड्डी नऊ महिन्यांच्या आत नको, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजूनच.

आणखी एक गोष्ट मी आपल्या भागातील प्रत्येक रुग्णाला विचारतो : सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे काय? नसल्यास ऑपरेशनपूर्वी करून घ्यावी. मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवायचा असतो, त्यामुळे सिकलसेल असल्यास सर्जन व भूलतज्ज्ञांना वेगळे नियोजन करावे लागते. ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो काय, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रांना विचारावे.

प्रश्न : माझ्या गुडघ्याचे हेच लिगामेंट दोन वर्षांपूर्वी तुटले. मी धानाची रोवणी करते. ऑपरेशन न करता फक्त पीआरपीचे इंजेक्शन घेतले तर चालेल काय? (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : ताई, पूर्ण तुटलेली टोके इंजेक्शनने जुळत नाहीत. बांधीतून चालताना गुडघा निसटत नसेल, तर मांडीचे स्नायू बळकट करून ऑपरेशनविनाही काम करता येते. वारंवार निसटत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण प्रत्येक वेळी निसटताना आतील गादी फाटण्याचा धोका असतो.