परकीय सत्तेविरुद्धच्या राजकीय निषेधावर मूकपटाच्या काळात एखादा भारतीय चित्रपट निघाला होता का?

होय, निघाला होता. मात्र त्यात निषेध उघडपणे दाखवलेला नव्हता, तो महाभारताच्या कथेतून दाखवलेला होता. १९२१ सालचा ‘भक्त विदुर’ हा तो मूकपट होय. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने तो काढला, कांजीभाई राठोड यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि कंपनीचे मालक द्वारकादास संपत यांनी स्वतःच विदुराची भूमिका केली.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्याचा काळ ध्यानात घ्यावा लागेल. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा झाला, ६ एप्रिलला देशभर हरताळ पडला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बागेतील हत्याकांड घडले. पुढच्या वर्षी असहकाराची चळवळ सुरू झाली. या घडामोडींवर थेट चित्रपट काढणे अशक्यच होते, कारण १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रत्येक चित्रपटाला सरकारी परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागत असे.

अशा वेळी विदुराचीच निवड करणे मला विलक्षण अचूक वाटते. विदुर हा शस्त्र न उचलता राजसभेत अन्यायाला अन्याय म्हणणारा माणूस आहे. भागवतातील कथेप्रमाणे दुर्योधनाने अपमान केल्यावर तो धनुष्य राजद्वारी ठेवून हस्तिनापूर सोडून जातो. सत्तेशी असहकार करण्याचे याहून स्पष्ट पौराणिक उदाहरण मला तरी आठवत नाही. कृष्णाने दुर्योधनाची पंचपक्वान्ने नाकारून विदुराघरच्या कण्या खाल्ल्या, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. खादी आणि साधेपणा यांचा आग्रह देशभर धरला जात असताना प्रेक्षकांना त्या कण्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

संपत यांनी त्यापुढचे पाऊल टाकले आणि विदुराला खादीचा सदरा व गांधी टोपी घातली. मूकपटात पात्राला आवाज नसतो, त्यामुळे वेशच बोलतो, आणि हा वेश अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही वाचता येत होता. तो सरकारी अधिकाऱ्यांनाही वाचता आला. कराचीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हा चित्रपट म्हणजे देशातील राजकीय घटनांचाच पातळ पडद्याआडचा सारांश असून विदुराच्या रूपात गांधीच अवतरले आहेत, अशा आशयाचा आक्षेप नोंदवून त्याच्यावर बंदी घातली. मद्रासमध्येही तो रोखण्यात आला.

‘भक्त विदुर’वर देशभर बंदी होती, असे अनेकदा लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. मुंबईच्या मंडळाने त्याला प्रमाणपत्र दिले होते. मात्र एका मंडळाने संमती दिली तरी आपल्या हद्दीतील प्रदर्शन थांबवण्याचा अधिकार त्याच कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला दिलेला होता. त्यामुळे कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच असूनही तेथे बंदी घालता आली.

मराठी वाचकाला यात एक जुनी ओळखीची वाट दिसेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले, त्यातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने ते नाटक बंद पाडले. संपत यांच्यासमोर हे उदाहरण होते की नाही, यापेक्षा मला त्यातील फरक महत्त्वाचा वाटतो. खाडिलकरांच्या नाटकात क्रोध भीमाच्या बाहूंतून व्यक्त होतो आणि शेवटी कीचक मारला जातो. चौदा वर्षांनंतरच्या चित्रपटात नायकपद भीमाकडून विदुराकडे आले होते. टिळकयुगाकडून गांधीयुगाकडे झालेले संक्रमण यात मला स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच या मूकपटाची प्रत आज पाहायला मिळत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.