प्रयोगशाळेत जाण्याआधी शहाद्याला ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

नामशेष प्राणी परत आणण्याच्या संशोधनात तुला जायचंय, जरूर जा. पण प्राणी परत आला की जंगल आपोआप सावरेल, हे तुझं म्हणणं मला पटत नाही.

रानपिंगळा या लहानशा घुबडाचंच बघ. १८८४ साली आपल्या खानदेशात त्याचा नमुना मिळाला आणि पुढे ११३ वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, तोही दिवसाउजेडी. विरळ सागाचं रान होतं, खाली सरडे-उंदीर होते, जुन्या खोडांना ढोल्या होत्या, म्हणून तो टिकला होता. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून खोड कुजावं लागतं, नाहीतर सुतार पक्ष्याने आधी भोक पाडावं लागतं. त्याला कित्येक वर्षं जातात, आणि असलं झाड वाळकं, निरुपयोगी म्हणून सर्वांत आधी तोडलं जातं. शेतीसाठी रान कापलं जातं ते वेगळंच. उद्या पेशींपासून शंभर पिंगळे घडवलेस, तरी ते अंडी कुठे घालणार?

स्पेनमधली बुकार्डो ही रानशेळी २००० साली संपली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि काही मिनिटांतच गेला. 'डायर वुल्फ' हा नामशेष झालेला लांडगा; २०२५ मध्ये तो परत आणला म्हणून गाजला, पण ते पिल्लू म्हणजे १४ जनुकांत २० बदल केलेला करडा लांडगाच. हजारो वर्षांपूर्वी खरा डायर वुल्फ ज्या रानात शिकार करायचा, ते रान आता उरलेलं नाही.

याच विद्येचा मला मनापासून पटलेला उपयोग वेगळा आहे. अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटची, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या शिकारी प्राण्याची, सगळी जमात सातच पूर्वजांपासून वाढलेली. त्या सातांत नसलेल्या एका मादीच्या पेशी १९८८ पासून गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतून २०२० मध्ये क्लोन केलेलं एक पिल्लू जन्मलं आणि त्या जमातीला हरवलेली जनुकीय विविधता परत मिळण्याची वाट उघडली. तू हे शीक. जे अजून जिवंत आहेत त्यांच्या पेशी जपायला शीक.

आणि प्रवेश घेण्याआधी हिवाळ्यात इकडे ये. इथल्या पावरा आदिवासी मंडळींसोबत रान फिरू, ढोलीची झाडं ओळखून त्यांची नोंद करू. जमलं तर यावलच्या अभयारण्यातही जाऊ. वही आणि मजबूत बूट आण.

तुझे,
सर