दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं तेव्हा अमेरिकेने आपल्या बाजूच्या व्हिएतनामी लोकांना छतावरून हेलिकॉप्टरने नेलं, तो प्रसिद्ध फोटो दूतावासाचाच ना? आणि बाकीचे कसे सुटले?

दूतावासाचा नाही हो. जिया लाँग रस्त्यावर २२ नंबरची एक राहती इमारत होती, तिच्या लिफ्टच्या खोलीचं ते छत. ह्यूबर्ट व्हॅन एस या डच छायाचित्रकाराने २९ एप्रिल १९७५ ला तो फोटो काढला. खाली मजकूर चुकीचा पडला आणि तीच चूक आजवर फिरते आहे.

हेलिकॉप्टरची पाळी आली कारण त्या दिवशी पहाटे तान सॉन न्हुत विमानतळावर रॉकेटं पडली आणि मोठी विमानं बंद झाली. त्याआधी बरेच दिवस विमानांनी माणसं जात होतीच. पण उघडपणे तयारी करायची तर शहरात घबराट पसरणार, म्हणून राजदूत ग्रॅहम मार्टिन टाळाटाळ करत राहिले. दूतावासाच्या आवारात चिंचेचं एक मोठं झाड होतं. मोठं हेलिकॉप्टर उतरायचं तर ते तोडायलाच हवं. मार्टिन तोडू देईनात. चिंच पडली म्हणजे खेळ संपला, हे अख्ख्या सायगॉनला कळलं असतं ना! शेवटी २९ तारखेला पडलीच. रात्रभर फेऱ्या झाल्या, एकूण सुमारे सात हजार माणसं निघाली, त्यांतले बहुतेक व्हिएतनामी. तुम्हालाही नेऊ असं सांगून आवारात बसवून ठेवलेले चारशेहून जास्त लोक मात्र तिथेच राहिले. याला मी तरी दगाच म्हणेन.

आता खरी गोष्ट, जी फोटोत नाही. त्या वर्षी साधारण १ लाख ३० हजार व्हिएतनामी अमेरिकेत आले. सात हजारांचा हिशेब वर दिलाच. राहिलेल्यांपैकी पुष्कळसे समुद्रातून, स्वतःच्या हिमतीवर निघाले.

मी कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरजवळ राहतो, तिथल्या वस्तीला सगळे ‘लिटल सायगॉन’ म्हणतात. माझे केस कापणारे काका त्यांतलेच. वडील दक्षिण व्हिएतनामच्या नौदलात. कॉन सॉन बेटापाशी तीसेक जहाजं जमली होती, त्यांवर जवळपास तीस हजार माणसं. ‘कर्क’ या अमेरिकन युद्धनौकेने त्यांना फिलिपिन्सच्या सुबिक बेपर्यंत सोबत केली. पण फिलिपिन्सला नव्या सरकारशी वैर नको होतं. दक्षिण व्हिएतनामचा झेंडा लावलेलं जहाज आत येऊ देईनात. मग पळवाट निघाली: जहाजं मुळात अमेरिकेनेच दिलेली, तेव्हा ती परत केली असं दाखवायचं. ७ मे रोजी पिवळे झेंडे उतरले, अमेरिकन चढले. डेकवर सगळ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. काका तेव्हा नऊ वर्षांचे. वडील कोपऱ्यात बसून दाढीच्या ब्लेडने खांद्यावरच्या पट्ट्या उसवत होते, एवढंच त्यांना नीट आठवतं. टाका न टाका काढला म्हणे, कापड फाटू न देता. अंगात घालायला दुसरा शर्ट नव्हता.

पुढे गुआम या पॅसिफिकमधल्या अमेरिकन बेटावरचे तंबू. तिथून लाखावर माणसं गेली. मग अमेरिकेतल्या कॅम्प पेंडलटन वगैरे छावण्या. गुआमवरून दीडेक हजार जण हट्टाने एका जहाजाने परतही गेले, घरचे मागे राहिले म्हणून.

मागे राहिलेल्यांत जुन्या सैन्यातले, सरकारी नोकरीतले पुष्कळ जण ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत, म्हणजे नव्या सरकारच्या कैदेत गेले, काही तर दहा-दहा वर्षं. आणि मग सुरू झाल्या त्या होड्या. पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख लोक होड्यांनी किनाऱ्याला लागले. वाटेत किती गेले त्याची मोजदाद नाही. काकांची मावशी १९७९ मध्ये अशीच निघाली होती. तिचा फोटो दुकानात आरशाच्या वरच्या फळीवर आहे, पुढे रोज एक संत्रं ठेवलेलं असतं.