एमजीबीला इलेक्ट्रिक फॅन? आधी डायनामो बघ

मित्रा, एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावायचा म्हणतोस, तर तो विकत घेण्याआधी बॉनेट उघड आणि गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनामो आहे की अल्टरनेटर ते बघ. 1967 पर्यंतच्या एमजीबीला डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) असायचा. तो लुकास कंपनीचा डायनामो फार तर 22 अँपिअर देतो, आयडलिंगला तर जवळजवळ काहीच नाही. एकटा फॅन दहा-बारा अँपिअर ओढतो. हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये अडकलास की बॅटरी बसलीच. अशा गाडीला इंजिनवर फिरणारा मूळ पंखाच बरा, हे माझं मत.

अल्टरनेटर असेल तर पुढे जा. डॅशबोर्डच्या स्विचमधून फॅनचा करंट नेऊ नकोस, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाल. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून जाड वायर, आणि फ्यूज बॅटरीजवळच. मधली वायर बॉडीला घासली तर तोच वाचवतो. 87 वरून फॅन. 85 आणि 86 म्हणजे रिलेची कॉइल: एकीकडे इग्निशन, दुसरीकडे रेडिएटर तापला की चालू होणारा थर्मोस्विच, जो अर्थ देतो.

इग्निशनच्या लाइनवरच फॅन जोडायचा मोह होतो. मी केला होता. किल्ली बंद केली तरी इंजिन क्षणभर चालूच! फिरता पंखा जनरेटर बनून इग्निशनला करंट परत देत होता. ते कळेपर्यंत दोन रविवार गेले, घरच्यांची बोलणी वेगळी.

शेवटी ग्रिलसमोर कागद धर. तो आत ओढला जायला हवा. बाहेर उडाला तर फॅनच्या दोन वायरींची अदलाबदल कर. आणि अर्थची जागा पत्रा चमकेपर्यंत खरवड, रंगावर बोल्ट आवळू नकोस.